बुडवायचं की ओतायचं

मार्था, अगो, तू गेल्याला महिना झाला म्हणून परवा तुमच्या प्रार्थनेच्या खोलीत तुझ्याबद्दल पुष्कळ चांगलं चांगलं बोलले म्हणे. मास्तर स्वतः आपल्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी येऊन सांगून गेले. तू किती शांत होतीस, किती सोशीक होतीस, कधी कुणाला उलटून बोलली नाहीस. मी ऐकून घेतलं. तुझा नवरा समोर उभा, डोळे सुजलेले, त्याला काय बोलणार? पण सोशीक? तू? मग इतकी वर्षं या गडग्याला टेकून माझ्याशी भांडत होती ती काय तुझी जुळी बहीण होती?

त्यांची मार्था त्यांना लखलाभ. माझी मार्था हट्टी होती, हसताना तोंडावर पदर घ्यायची, आणि एकदा एक मुद्दा धरला की सोडायची नाही. तिच्याशी माझं बोलणं अर्धंच राहिलंय.

आणि तू मागितलेलं मागणंही राहिलंय. पावसाळ्याच्या शेवटी तुझा खोकला वाढला, तू अंथरूण धरलंस, आणि एक दिवस खिडकीशी मला बोलावून म्हणालीस, "वैनी, मी गेले की मला शेवटची आंघोळ तू घाल. मला लेक नाही. दुसऱ्या कुणाचा हात नको." मी काय म्हटलं आठवतं ना? "बघू." हो नाही, नाही नाही, नुसतं बघू. त्यावर तू पुन्हा विचारलं नाहीस, मीही विषय काढला नाही. तुला ठाऊक होतं मला काय काय आड येत होतं. आळीत चैत्रातल्या उत्सवाचा नैवेद्य रांधायचा मान माझा. सोवळं नेसून, एकटीने, पन्नास पानांचा स्वयंपाक. माझ्या सोवळ्याला नाव ठेवील असं माणूस या आळीत नव्हतं. ख्रिस्ती बाईच्या मढ्याला हात लावल्यावर ते सोवळं कुणी मानलं असतं? मूलबाळ तर मलाही नाही. मला मान म्हणून जो होता तो तेवढाच होता गो.

झालं काय ते तुला सांगायचंय. पण आधी घंगाळाचं सांगते, कारण आपलं सगळं त्या घंगाळापासून सुरू झालं.

तुम्ही नगरकडून नवेच आला होतात. मास्तर मिशनच्या शाळेत, आणि तू रविवारी घरापुढच्या खळ्यात चार बायका आणि आळीतली पोरं गोळा करून शास्त्र शिकवायचीस. आगबोटीतून उतरताना, किनाऱ्याला आणणाऱ्या पडावात तुझं सगळं सामान भिजलं होतं, आणि समुद्राकडे तू महिनाभर पाठ करूनच चालायचीस. आमचं "गो गो" ऐकून तुला हसू यायचं. मला तुझं नगरी हेल काढून बोलणं ऐकून यायचं. तेव्हा तू मला अहो-जाहो करत होतीस. एका सकाळी गडग्यापाशी येऊन म्हणालीस, "वैनी, जरा तुमचं पितळेचं घंगाळ द्याल का? संध्याकाळी परत करते."

मी म्हटलं, "आंघोळीला तुमच्याकडे भांडं नाही?"

"आंघोळीला नको. धड्याला हवंय. आमच्या शास्त्रात देवाच्या तंबूच्या दारात पितळेचं घंगाळ आहे. आत जाण्याआधी याजकांनी, म्हणजे पुजाऱ्यांनी, हातपाय धुवायचे. तुमच्या न्हाणीच्या दारात ठेवलेलं बघितलं आणि वाटलं, हेच ते."

आता आमच्या न्हाणीतलं घंगाळ देवाच्या दारात जाणार म्हटल्यावर मी कशी नाही म्हणू? दिलं. हातात नाही दिलं, गडग्यावर ठेवलं आणि मागे सरले, मग तू उचललंस. तशी रीत होती. तुला ती कळली.

त्या दिवशी दुपारभर मी गडग्याच्या अलीकडे फुलं काढत होते. एवढी फुलं आमच्याकडे कधीच नव्हती, तुला ठाऊक आहे. मला बघायचं होतं. तू खळ्यात काथ्याची दोरी बांधून तंबू आखला होतास. एका बाजूला पाट, त्यावर बारा भाकऱ्या. दुसऱ्या बाजूला समई. आणि अगदी आत एक पेटी, तिच्यापुढे दोरीवर तुझं जांभळं लुगडं पडदा म्हणून. बाया तोंडात बोट घालून बघत होत्या. मला वाटलं, हे सगळं आमच्याकडचंच तर आहे. समई आहे, नैवेद्य आहे, धूप आहे, दारात पाय धुवायला पाणी आहे. यात नवीन काय शिकवते ही?

आणि तेवढ्यात तू काय केलंस! याजक पाय कसे धुवत ते दाखवायला पुढे झालीस आणि सरळ दोन्ही पाय माझ्या घंगाळात बुडवलेस.

मी गडग्यावरून ओरडले, "अगो, पाय काढ! काढ आधी! देवाच्या दारातलं पाणी आणि त्यात पाय बुडवतेस? तांब्याने घे आणि वरून ओत!"

पोरं फिदीफिदी हसायला लागली. तू तशीच, लुगडं पोटरीपर्यंत धरून, घंगाळात उभी. लाजलीस, पण ऐकलं नाहीस. "शास्त्रात बुडवायचे की वरून ओतायचं ते लिहिलेलं नाही," म्हणालीस.

"लिहायला कशाला हवं? एकाने बुडवले की मागच्याने काय त्याच्या पायाच्या पाण्याने धुवायचे?"

तो आपला पहिला तंटा. तो मिटला नाही तो नाहीच. पुढे कधीतरी तूच सांगितलंस की तुमच्यातही यावरून मंडळ्या वेगळ्या झाल्यात, बाप्तिस्मा देताना बुडवायचं म्हणणारे निराळे आणि वरून पाणी घालणारे निराळे. मला एवढा आनंद झाला ते ऐकून! म्हटलं, म्हणजे तुमच्यातही कुणीतरी शहाणं आहे.

संध्याकाळी घंगाळ परत आलं. मी तुझ्या देखत, लपवाछपवी न करता, आमसुलं आणि चुलीतली राख घेऊन विहिरीच्या धोंडीवर बसले आणि घासघासून काढलं. तुझा स्पर्श, त्यात तुझे पाय, नुसतं विसळून कसं चाललं असतं? तू गडग्याशी उभी राहून बघत होतीस. मला वाटलं रागावलीस. तू म्हणालीस, "वैनी, इकडे करा बघू ते जरा."

मी कलतं केलं. उन्हं उतरली होती, घंगाळ नुसतं झळकत होतं. त्यात माझं तोंड दिसत होतं, आणि माझ्या खांद्यावरून तुझं.

तेव्हा तू ती गोष्ट सांगितलीस, जी धड्यात सांगायची विसरली होतीस. त्या तंबूच्या दारात सेवा करणाऱ्या बायका होत्या, त्यांनी आपले आरसे देऊन टाकले होते, आणि त्या आरशांचं ते घंगाळ केलं होतं. तेव्हा काचेचे आरसे नसत, पितळेचेच घासून लख्ख केलेले असत.

"मग त्या वेणी कशात बघून घालायच्या?" मी विचारलं.

तू पदर तोंडावर घेऊन इतकी हसलीस की खोकला लागला. मग म्हणालीस, "मी दहा जणांना हा प्रश्न विचारून बघितला असेल की हे घंगाळ आरशांचंच का. कुणी म्हणतं, धुवायच्या आधी माणसाने स्वतःला बघावं म्हणून. पण वेणीचं कुणालाच सुचलं नाही."

आणि मग हळूच, "माझा विटाळ तुमच्या घंगाळाला मानवला हो, वैनी. एवढं लख्ख कधी नव्हतं."

मी चिडले नाही? चिडलेच. चांगली चिडले. पण चिडताना हसू आलं आणि सगळा घोटाळा झाला. त्या दिवसापासून तू मला अगं म्हणायला लागलीस. मी परवानगी दिली नव्हती, तूच घेतलीस.

मग ते नेमाचंच झालं. वर्षातून एकदोनदा तंबूचा धडा आला की घंगाळ गडग्यावरून जायचं, आणि परत आलं की मी घासायची. तू येऊन उभी राहायचीस, आपण दोघी त्यात तोंडं बघायचो, कुणाचे केस किती पांढरे झाले ते मोजायचो आणि भांडायला सुरुवात करायचो. एवढं सुख मला दुसऱ्या कुठल्या कामात मिळालं नाही, खरंच सांगते.

किती गोष्टींवरून भांडलो ग आपण! त्या बारा भाकऱ्या आठवडाभर देवापुढे ठेवायच्या म्हणालीस, मी म्हटलं आमच्या आषाढात ठेवून दाखव, तिसऱ्या दिवशी हिरवी लव येईल. त्यावर तू म्हणालीस, वैनी, ते वाळवंट होतं, तिथे पाऊस नसतो. पुढे एक मोठं दगडी देऊळ बांधलं तेव्हा घंगाळाच्या जागी बारा पितळी बैलांच्या पाठीवर पाण्याचं एवढं मोठं पात्र ठेवलं की त्याला समुद्र म्हणायचे, असं सांगितलंस. मी विचारलं, एवढ्या उंच पात्रातलं पाणी घ्यायला शिडी होती का? तुला त्याचंही उत्तर येईना. मी त्या दिवशी जिंकल्यासारखे पोहे करून खाल्ले.

पण पडद्याचं मात्र माझ्या मनात राहिलं. मी विचारलं होतं, आत मूर्ती नाही, नुसती पेटी, मग पडदा कशाला? कुणापासून झाकायचं? तू म्हणालीस, "आतल्यासाठी नाही गं. बाहेरच्यांसाठी. बाहेरच्याला कळावं की आपण बाहेर आहोत." आणि मग सांगितलंस की तुमचा प्रभू क्रुसावर गेला त्या वेळी देवळातला तो पडदा वरून खालपर्यंत फाटला. वरून फाटला, म्हणजे माणसाने नाही फाडला.

मी म्हटलं, "मग शिवला नाही कुणी?"

तू माझ्याकडे बघत राहिलीस. "शिवू नये म्हणूनच फाटला, वैनी."

त्याच सुमाराला गावात सहभोजनाच्या पंगती उठायला लागल्या होत्या, देवळं सगळ्यांना उघडावीत म्हणून सभा चालल्या होत्या. आमच्या ओटीवर पुरुष तावातावाने बोलायचे. तू मला डिवचलंस, "काय गो वैनी, तुमच्याही देवळात पडदा फाटतोय वाटतं?" पहिल्यांदा तुझ्या तोंडून "गो" आलं ते तेव्हा. मी म्हटलं, "फाटतोय की नाही ते पुरुषांना विचार. शिवायची वेळ आली की मला बोलावतील." हसलो. पण दुसऱ्या दिवशी सोवळ्यात वरणाला फोडणी देताना माझ्या डोक्यात तेच, बाहेरच्याला कळावं की आपण बाहेर आहोत. घंगाळ गडग्यावर ठेवून मागे सरायची ती मी.

ते मी तुला बोलले नाही. तू बोलायला लावलंही नाहीस.

आणि सगळ्यात मोठं भांडण पायांचं. तुमच्या प्रभूने शेवटच्या जेवणाच्या वेळी कमरेला फडकं गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले. मला हे पटेचना. गुरूने शिष्याचे पाय धुवायचे? उफराटंच सगळं! आमच्याकडे जावयाचे पाय धुतात, गुरुजींचे धुतात, लहानांनी मोठ्यांचे धुवावेत. मोठ्याने लहानाचे धुतले तर लहानाला पाप नाही लागणार?

"एक शिष्य हेच म्हणाला," तू म्हणालीस. "माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस, म्हणाला."

"शहाणा होता तो. मीही ओढून घेतले असते."

"मग प्रभू म्हणाला, मी धुतले नाहीत तर तुझा माझा काही संबंध नाही."

"हे काय बाई धमकावणं!"

तू हसली नाहीस. म्हणालीस, "धमकावणं नाही. ज्याच्या हातून धुवून घेता येत नाही, त्याच्याशी आपलं कुठे जुळतं, वैनी?" मी म्हटलं, आम्हाला बायकांना कोण धुवायला बसलंय, आणि उठून भात बघायला गेले. ते बोलणं तिथेच राहिलं. मला त्याचं उत्तर द्यायचं होतं.

मग ती खिडकी, आणि तुझं मागणं, आणि माझं "बघू".

त्या दिवशी पहाटे मास्तरांची हाक गडग्यावरून आली आणि हाकेवरूनच कळलं. आमचे हे पूजेला बसले होते. मी चुलीपुढे. मी उठले आणि म्हटलं, "मी जाते. मार्थाला आंघोळ घालायला."

ह्यांनी घंटा खाली ठेवली. ओरडले नाहीत, ओरडणारे नव्हेतच ते. म्हणाले, "उत्सवाचा नैवेद्य परत तुझ्याकडे यायचा नाही. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"नीट विचार केलास?"

"पावसाळा संपल्यापासून तेवढाच करत्ये," मी म्हटलं, आणि खरंच तेवढाच केला होता गो. रोज रात्री ठरवायची की जायचं नाही. पण सकाळी तुझा खोकला ऐकू आला की पुन्हा सगळं डळमळायचं. त्या दिवशी खोकला ऐकू आला नाही. मग ठरवायला उरलंच काय?

घंगाळ कडेवर घेतलं. गडग्यावर ठेवलं नाही. कुंपणाच्या वाटेचं बेडं काढून, रस्त्यावरून, सगळ्या आळीसमोर तुमच्या दारात गेले. दोघी जणी पाणी भरायला निघाल्या होत्या, त्या कळश्या घेऊन उभ्याच राहिल्या. राहू देत.

तुमच्या खळ्यात तुमच्या मंडळीतल्या दोन म्हाताऱ्या बसलेल्या. पाणी तापून तयार, वर वाफ. पण भांडं नाही, बादली नाही, काही पुढे आणलेलं नाही. मला वाटलं, उशीर केलाय यांनी. मास्तर पुढे आले. माझ्या कडेवरचं घंगाळ बघितलं. मग म्हणाले, "वैनी, आम्ही याच्यासाठीच थांबलो होतो. ती म्हणाली होती, वैनी 'बघू' म्हणाली म्हणजे येणार. घंगाळ घेऊनच येणार. दुसरं भांडं काढू नका."

मार्था, मेले, तुला ठाऊक होतं! मी इतके दिवस तळमळले आणि तू तिथे खुशाल पडून होतीस, ठाऊक असून! एक शब्द नाही बोललीस. मला इतका राग आला, आणि त्या रागातच मी रडायला लागले, तुझ्या नवऱ्यासमोर, ताळतंत्र सोडून.

मग पदर खोचला. म्हाताऱ्यांनी तुला धरलं, मी आंघोळ घातली. डोकं आधी, मग खांदे, मग हात. किती हलकी झाली होतीस ग. तुझ्या उजव्या हाताच्या नखांत खडूची भुकटी होती, शेवटपर्यंत पाटीवर काहीतरी लिहीत होतीस वाटतं. ती काडीने काढली. आणि मग पाय राहिले.

मी तुझ्यापेक्षा मोठी. वयाने मोठी, आणि इतकी वर्षं मी जे मानत आले त्याने तर कितीतरी मोठी. मी खाली बसले. तुझे पाय मांडीवर घेतले. तांब्याने पाणी घेतलं आणि ओतलं. बोटांमधून, टाचांच्या भेगांमधून धुतलं, सावकाश. तू पाय ओढून घेतले नाहीस. ज्याच्या हातून धुवून घेता येतं त्याच्याशीच जुळतं म्हणाली होतीस, पण आपलं त्याआधीच जुळलं होतं गो. धुवायचं तेवढं राहिलं होतं.

आणि बघ, ओतलं मी. बुडवलं नाही. आपल्या तंट्यात शेवटचा शब्द माझा झाला. जन्मभर मला तो हवा होता. आता मिळालाय तर नको झालाय. ऊठ आणि सांग ना, शास्त्रात लिहिलेलं नाही म्हणून.

घरी आले तर विहिरीवर माझ्यासाठी पाणी काढून ठेवलेलं. धोंडीवर आमसुलं आणि राखेची वाटी. ह्यांनीच ठेवली, त्यांना दुसरं काय सुचणार? मी आंघोळ केली. घंगाळ तसंच न्हाणीत नेऊन ठेवलं. ह्यांनी विचारलं, "घासायचं राहिलं का?" मी म्हटलं, "राहिलं नाही. घासणार नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्यातच पाणी ओतून घेतलं, आंघोळ केली, सोवळं नेसले आणि पूजेला बसले.

नैवेद्याचं बोलावणं दुसऱ्या घरी गेलंय. कळलं तेव्हा वाईट वाटलं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. दुपारभर मला काही सुचलं नाही. मग गडग्याशी जाऊन उभी राहिले, सवयीने.

घंगाळावर आता डाग धरायला लागलेत. कडेने काळपट झालंय, मधे हिरवट. तू असतीस तर म्हणाली असतीस, वैनी, आरसा घालवलास की गो. घालवला. कलतं करून बघितलं काल, तोंड दिसत नाही. असू दे तसंच. त्यात एकटीचं तोंड मला बघायचं नाही.